दवाखान्याचं बिल कंपनी भरेल, आंघोळ कोण घालणार?

मैत्रिणींनो, भिशी असो की हळदीकुंकू, हल्ली विम्याचं काम करणारं कुणी ना कुणी भेटतंच. "काकू, एवढी पॉलिसी घ्या, म्हातारपणाची काळजी मिटली!" हे वाक्य ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, काळजी नेमकी कसली? आजारपणाची की म्हातारपणाची? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपल्याकडचा आरोग्य विमा त्यातली पहिलीच बघतो.

समजा, सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, खोलीचं भाडं, औषधं हा खर्च पॉलिसीच्या अटींत बसला तर मिळेल. घरी आल्यावरही ठरावीक दिवसांची औषधं-तपासण्यांची बिलं चालतात. पण त्यानंतर? त्यांना उठवायचं, संडासला न्यायचं, कूस बदलायची, हे रोजचं काम उरतंच. त्यासाठी बाई ठेवली तर तिचा पगार विम्यातून सहसा मिळत नाही. 'इर्डा' या विमा नियामक संस्थेनं २०१९ मध्ये वगळायच्या खर्चांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली. त्यात आंघोळ, कपडे घालणं, चालणं-फिरणं यासाठी लागणारी मदत आहे. घरी असो की संस्थेत, नर्सनं केलेली असो की साध्या बाईनं. तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत हे कलम शोधून बघाच.

२०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न लावता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. चांगलीच सोय आहे, पण तीही रुग्णालयातल्या उपचारांची. जपानमध्ये २००० सालापासून शुश्रूषेचा वेगळा विमा सक्तीचा आहे, चाळिशीपासून प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो आणि म्हातारपणी घरी मदतनीस येते. आपल्याकडे असं काही नाही. आपल्याकडे हा विमा म्हणजे घरातली सून, नाहीतर लेक. तिचा हप्ता कुणी मोजत नाही, एवढंच!

म्हणून माझं म्हणणं असं, की पॉलिसी घ्यायच्या आधी एक कोरा कागद घ्या. त्यावर लिहा: अंथरुणाला खिळले तर माझं कोण करणार? त्या व्यक्तीला विचारलंय का? तिची नोकरी, तिची कंबर, तिची मुलं यांचं काय? बाई ठेवायची तर आपल्या गावात दर काय? दिवसाला ५०० रुपये धरले तरी महिन्याला १५,००० आणि वर्षाला १ लाख ८० हजार होतात. पेन्शन, ठेवी, भाडं यातून हे किती दिवस निघेल?

आता हप्त्याकडे बघा. वयाबरोबर तो वाढत जातो. साठीत झेपला म्हणून पंचाहत्तरीत झेपेलच असं नाही, आणि भरणं थांबलं की संरक्षणही थांबतं. दवाखान्याचा विमा मुळीच नसेल तर आधी तो घ्या, पण बीपी-शुगर लपवू नका. आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं, लपवलं तर दावाच अडकतो. गंभीर आजाराच्या पॉलिसीत एकरकमी पैसे मिळतात, ते बाईच्या पगारालाही वापरता येतात. पण त्यात ठरावीक आजारांची यादी असते. नुसता थकवा, गुडघे किंवा मोडलेला खुबा त्यात नसतो. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत नको वाटली तर परत करता येते, तेव्हा ते दिवस वाचण्यात घालवा.

शुश्रूषेसाठी मात्र पैसे वेगळेच बाजूला पडायला हवेत, आणि ते घरातल्या बाईच्या नावावर. कारण साधं आहे. बायको बहुधा नवऱ्यापेक्षा वयानं लहान असते आणि बायकांचं आयुष्यही सरासरीनं जास्त. सासूचं केलं, नवऱ्याचं केलं, शेवटी अंथरुणावर ती पडते तेव्हा साठवलेलं सगळं आधीच्या दुखण्यांत संपलेलं असतं. विम्याच्या कागदावर सही करताना नवऱ्याशेजारी बसा आणि विचारा, "हे ठीक, पण माझं करायला पैसे कुठले?" लाजायचं कशाला? हा हिशेब आपण नाही मांडला तर घरात दुसरं कुणी मांडणार नाही.