दाताची भीती आणि गुडघ्याची उपेक्षा

कुत्रा अंगावर आला असे कोणी सांगितले, की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, “चावला का?” उत्तर नकारार्थी आले, की घरची मंडळी देवाचे आभार मानतात आणि विषय तेथेच संपतो. आमच्या मते हा प्रश्न अपुरा आहे. “पडलास का? पडताना गुडघा पिळवटला का?” हेही तितक्याच तातडीने विचारले पाहिजे.

गतवर्षी आमचा आठवीतील एक विद्यार्थी सायकलीवरून शाळेस येत होता. वळणावरील घराच्या उघड्या फाटकातून पाळीव कुत्रा भुंकत धावून आला. मुलाने घाबरून सायकल टाकली व उडी घेतली. पाय जमिनीत रोवला गेला, अंग मात्र पळण्यासाठी वळले. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला. कुत्र्याने दातही लावला नव्हता. परंतु सायंकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसले, म्हणून घरी तेलाची मालीश सुरू झाली. तीन आठवड्यांनी सूज ओसरली, तेव्हा आम्हीच “आता भिऊ नकोस” म्हणून त्याला कबड्डीच्या मैदानावर धाडले. पहिल्याच चढाईत वळताना गुडघा निसटला आणि तो कोसळला. ती चूक आमची होती; म्हणूनच हे चार शब्द लिहीत आहोत.

हाडाला हाडाशी बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांस लिगामेंट म्हणतात. गुडघ्यात असे चार प्रमुख बंध आहेत: दोन बाजूंना दोन आणि आत एकमेकांस छेदणारे दोन. आतील पुढचा बंध नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही. पाय स्थिर असता शरीर एकाएकी वळले, तर तो तुटू शकतो. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, हे बंध दिसत नाहीत. बाजूचे बंध बहुधा पट्टा व विश्रांती यांनी जुळून येतात. आतला बंध पूर्ण तुटल्यास मात्र दीर्घ व्यायाम, प्रसंगी शस्त्रक्रियाही करावी लागते, आणि खेळात परतण्यास अनेक महिने जातात.

तेव्हा आवाज झाला, काही तासांतच सूज आली, किंवा पाय आधार देईनासा झाला, तर मालीश करू नये. बर्फ कापडात गुंडाळून शेकावे, पाय उंच ठेवावा व अस्थितज्ज्ञास दाखवावे. दात अथवा नख लागले असल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद वा चुना भरू नये आणि त्याच दिवशी लस टोचून घ्यावी. कुत्रा धावून आल्यास पळू नये. सायकलीवरून सावकाश उतरून ती मध्ये धरावी व त्याच्या डोळ्यांत न पाहता हळूहळू मागे सरावे.

मात्र सारा भार मुलांच्या सावधपणावर टाकणे न्याय्य नव्हे. दारी सुणें असणे ही आमच्या गोमंतकातील गावांची जुनी रीत आहे, आणि त्या मुक्या प्राण्याचा आम्हांस मुळीच द्वेष नाही. पण पहाटे सायकलीवरून पाव आणणारा पोदेर आणि शाळेची वाट धरणारी मुले यांच्यासाठी रस्ता निर्भय ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. आपल्या जनावराबाबत अशी हयगय करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाने सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तथापि फाटकाला कडी घालण्यास कायद्याचा धाक कशाला हवा?

कुत्र्यांच्या व्यापक लसीकरणामुळे २०२१ साली गोवा ‘रेबीज-नियंत्रित’ राज्य म्हणून घोषित झाले. दाताचे भय समाजाने एकजुटीने कमी केले. गुडघ्याची काळजी त्याहून सोपी आहे.

आमचा तो विद्यार्थी यंदा मैदानाच्या कडेला बसून गुण मांडतो. नेमाने व्यायाम करतो आणि पुढील वर्षी चढाईला जाईन म्हणतो. तसे घडो, परंतु त्याच्या जागी दुसरे कोणी बसण्याची पाळी न येवो, हीच आमची इच्छा.