पावलांचा सदका आणि पैशांचा हिशोब

वर्गणीची सवय आपल्याला नवी नाही. मस्जिदीचा स्लॅब असो, मदरशाची खोली असो की कब्रस्तानाचे कुंपण, जुम्याच्या नमाजनंतर रुमाल पसरला की रोजंदारीवर जाणारा माणूसही खिशातली दहाची नोट टाकतो. दवाखान्यासाठी मात्र हा रुमाल क्वचितच पसरतो. घरात कोणी आजारी पडले की आपण एकटेच धावतो. अनसिंगहून वाशीम, तिथून अकोला, आणि आजार मोठा निघाला तर नागपूर. सोयाबीनचा पैसा जातो, मग घरातल्या बाईचे दागिने जातात.

म्हणून यंदाच्या थंडीत दवाखान्यासाठी मदतफेरी काढावी, असे आम्हाला वाटते. "चालून पैसे कसे मिळणार?" हा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर कॅनडाच्या टेरी फॉक्स या तरुणाने दिले आहे. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. कर्करोगाच्या संशोधनासाठी प्रत्येक देशबांधवाने एक डॉलर द्यावा, एवढेच त्याचे मागणे होते. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर कापल्यावर आजार फुफ्फुसात पसरला आणि त्याला थांबावे लागले. १९८१ मध्ये वयाच्या २२ व्या वर्षी तो वारला, पण त्याआधीच माणशी एक डॉलरची रक्कम जमली होती. पुढे त्याच्या नावाने मुंबईतही लोक धावले, चालले आणि परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील संशोधनासाठी निधी उभा राहिला.

आपल्या विदर्भातही थोड्या-थोड्यातून मोठे काम झालेले आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी आरोग्य विमा काढला, तेव्हा हप्ता म्हणून सुगीनंतर ज्वारी घेतली. ज्याच्याकडे जमीन जास्त त्याने जास्त पायल्या द्यायच्या आणि भूमिहीनाने थोडी. गावातली बहुतेक घरे सामील झाली तरच गाव योजनेत येई.

मदतफेरीचा हिशोबही असाच साधा आहे. समजा ६० जण ५ किलोमीटर चालले. प्रत्येकाने आधीच घरचे, शेजारचे, दुकानदार असे पाच जण गाठून किलोमीटरमागे १० रुपये कबूल करून घेतले. एका माणसामागे २५० रुपये, म्हणजे एकूण १५,००० रुपये. देणाऱ्याला ५० रुपये जड नाहीत आणि दवाखान्यात एक चांगली व्हीलचेअर व रक्तदाबाची यंत्रे येऊ शकतात. शाळेतली मुले हे काम मोठ्यांपेक्षा उत्साहाने करतात. फज्रनंतर लगेच निघावे. महिलांचा गट वेगळा असावा आणि वयस्कर मंडळींसाठी अंतर कमी ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. हा पैसा जकातीचा आहे की लिल्लाहचा, हे देतानाच स्पष्ट झाले पाहिजे. कुरआनने जकातीचे आठ हक्कदार ठरवून दिले आहेत. हनफी उलमांच्या मते जकात गरजूच्या मालकीत गेली पाहिजे. इमारत, पलंग, यंत्र यांवर ती खर्च करता येत नाही. गरीब रुग्णाच्या औषधासाठी ती त्याच्या हातात देता येते. त्यामुळे पावतीपुस्तके दोन आणि डबेही दोन हवेत. शंका असेल तर इमामसाहेबांना आधी विचारावे.

मदतफेरीचा पैसा लिल्लाहचा असावा, असे आम्ही म्हणतो त्याचे कारण दवाखान्याच्या रांगेतच आहे. तिथे पाटलांची सून आणि आपली आपा एकाच बाकावर बसतात. नफली सदका कुणाही गरजूसाठी चालतो, कुणाचा धर्म विचारावा लागत नाही. आणि चालायलाही सगळ्या गावाला बोलावता येते.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. सरकारी दवाखान्याला मदत करायची असेल तर आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून काय कमी आहे ते विचारावे. तिथली रुग्ण कल्याण समिती देणगी घेऊन रीतसर पावती देते. नोंदणी नसलेल्या मंडळाने परस्पर वर्गणी गोळा करू नये. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. बॅनर, टी-शर्ट, चहा-नाश्ता यांचा खर्च जमलेल्या रकमेतून एक रुपयाही होऊ नये. तो कोणी एकाने वेगळा उचलावा. नाहीतर देणाऱ्याने दिले रुग्णाला आणि गेले पाहुण्यांच्या शालीत, असे व्हायचे.

देणाऱ्याचा पैसा आपल्या हाती अमानत असतो. आपल्याकडे वर्गणी जमत नाही असे नाही. एकदा हिशोब मिळाला नाही की दुसऱ्यांदा हात खिशात जात नाही. म्हणून फेरीनंतरच्या पहिल्याच जुम्याला किती जमले, कुठे गेले, याचा कागद मस्जिदीच्या फलकावर आणि ग्रामपंचायतीतही लागावा. त्या कागदावर देणाऱ्यांची नावे नसली तरी चालतील, आकडे मात्र हवेत. अल्लाह आपली नियत साफ ठेवो आणि आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.