नभोवाणीचा नवा श्रोता

अमेरिकेतील स्पॅनिश नभोवाणीपुढे आज उभा असलेला प्रश्न वरवर पाहता आपल्याला दूरचा वाटेल. परंतु तो करवीर नगरीच्या वेशीपर्यंत केव्हाच येऊन ठेपला आहे. 1946 साली सॅन अँटोनिओ येथे राऊल कोर्तेस यांनी स्पॅनिश भाषकांसाठी स्वतंत्र केंद्र सुरू केले, तेव्हा त्याचा श्रोता मायभूमी सोडून आलेला कष्टकरी होता. आज त्या समाजातील सुमारे दोन-तृतीयांश लोक अमेरिकेतच जन्मलेले आहेत आणि त्यांतील पुष्कळांना इंग्रजी अधिक जवळची वाटते. 2022 साली तेथील एका बड्या कंपनीने आपली 18 केंद्रे विकण्याचा करार केला. श्रोता बदलतो, तेव्हा केवळ गतस्मृतींवर केंद्र चालत नाही, हाच याचा बोध होय.

परमुलुखात आपली भाषा कानी पडण्याचे मोल मराठी माणसाला सांगावयास नको. महायुद्धाच्या धामधुमीत, 1942 मध्ये, लंडनहून मराठी प्रसारण सुरू झाले. त्याच काळी कोल्हापूर परिसरात जन्मलेल्या वेणू चितळे बी. बी. सी.च्या पौर्वात्य विभागात काम करीत होत्या. ते मराठी प्रसारण 1958 मध्ये थांबले. परंतु दूरच्या श्रोत्याचीही दखल घेतली पाहिजे, हे तत्त्व काही त्याबरोबर संपले नाही.

आता आपल्या दाराशी आलेल्या श्रोत्याकडे पाहू. इचलकरंजीचे यंत्रमाग, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या येथे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, कर्नाटक आदी प्रांतांतील हजारो हात राबत आहेत. मे 2020 मध्ये कोल्हापूर स्थानकावरून श्रमिक गाड्या सुटल्या, तेव्हा कुठे या माणसांची संख्या आपल्या डोळ्यांत भरली. त्यांतील पुष्कळजण परत आले. काहींची मुले आज मराठी शाळांत शिकत आहेत. या मंडळींसाठी आपली नभोवाणी काय करते?

हा प्रश्न केवळ मनोरंजनाचा नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली, म्हणजे कोल्हापूरकराला पुढचे सांगावे लागत नाही. 43 फूट म्हणजे धोका, हे येथील शाळकरी पोरही जाणते. ओडिशाहून गेल्या महिन्यात आलेल्या कामगाराला मात्र त्या आकड्याचा अर्थ कोण सांगणार? 2019 आणि 2021 च्या महापुरांनी दाखवून दिले की वीज जाते, रस्ते तुटतात आणि भ्रमणध्वनी मुके होतात. अशा वेळी साधा बॅटरीचा रेडिओ हाच आधार. पण त्यावरील सूचना कळली नाही तर तो असून नसल्यासारखाच.

मराठीच्या हक्काच्या वेळेत परभाषांना जागा कशाला, असे कोणी विचारील. 2024 साली आपल्या भाषेस अभिजात दर्जा मिळाला. तिच्या मानात उणेपणा यावा अशी आमची मुळीच इच्छा नाही. परंतु परभाषकाला दूर ठेवल्याने मराठी वाढत नाही. त्याच्या बोलीत अर्धा तास बातम्या, मजुरीच्या कायद्याची माहिती, गावाकडची गाणी आणि त्याच कार्यक्रमात मराठीचे सोपे पाठ दिले, तर त्याला आपल्या भाषेची वाट सापडेल. हरियाणातील गुडगाव येथे 2009 पासून एका सामुदायिक केंद्राने स्थलांतरितांना असा आवाज दिला, आणि 2006 च्या केंद्रीय धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही हा मार्ग मोकळा केला आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आकाशवाणीने पावसाळ्यापुरते तरी पुराचे इशारे हिंदी, कन्नड व ओडिया या भाषांतून द्यावेत. कारखानदार आणि शिक्षणसंस्थांनी मिळून सामुदायिक केंद्राचा भार उचलावा. पुढचा पूर कोणाची भाषा विचारून येणार नाही. तो येण्यापूर्वी हे काम झाले पाहिजे.