वॉकरची चंची

महाडजवळचे सव हे गाव तेथील उष्ण पाण्याच्या झऱ्यांसाठी परिचित आहे. सांधेदुखीने त्रस्त झालेली वयस्कर मंडळी तेथे मोठ्या आशेने येतात. त्याच गावातील एका व्यापारी घरातल्या वृद्ध सासूबाईंना मात्र झऱ्यांपर्यंतची वाटही दुरावली होती. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, घरात वॉकर आला. चालणे पुन्हा सुरू झाले खरे, पण दोन्ही हात त्या चौकटीत गुंतले. चष्मा, जपमाळ, उकळून निववलेले पाणी, प्रत्येक वस्तूसाठी हाक मारणे आले. दुकानाच्या किल्ल्या ज्यांनी आयुष्यभर कमरेला वागवल्या, त्यांना स्वतःचा चष्माही मागावा लागत होता.

एका दुपारी त्यांनी कोणालाच हाक मारली नाही. एका हातात बाटली धरून दुसऱ्या हाताने वॉकर पुढे ढकलला आणि तोल गेला. भिंत जवळ होती, म्हणून निभावले.

"आई, मला बोलवायचे ना!" सूनबाई धावत आल्या.

"अगं, घोटभर पाण्यासाठी किती वेळा बोलवू?"

सूनबाईंनी प्रथम सोपा उपाय केला. दुकानातली कापडी पिशवी वॉकरच्या उजव्या मुठीला अडकवली. वॉकर उचलताच तो त्या अंगाला कलू लागला. वास्तविक ही चूक व्यापाऱ्याच्या घरात व्हायला नको होती. घाट चढणाऱ्या बैलाच्या पाठीवर गोणी दोन्ही अंगांना समभार लादत, आणि खांद्यावरच्या पडशीचेही तेच तत्त्व. अॅल्युमिनियमच्या साध्या वॉकरचे स्वतःचे वजन जेमतेम अडीच-तीन किलो असते. त्याच्या एका कडेला लिटरभर पाणी टांगले तर तोल बिघडणारच.

दुसरी पिशवी विचारपूर्वक बेतली गेली. नमुना घेतला तो जुन्या घरांतील पानसुपारीच्या चंचीचा, म्हणजे एकाच कापडावर अनेक कप्पे. वॉकरच्या पुढच्या दोन उभ्या नळ्यांमधील अंतर 17 इंच भरले, म्हणून तयार पिशवीची रुंदी 16 इंच धरली. थानाच्या शेवटी उरलेल्या जाड ड्रिलमधून पाठीसाठी 17 बाय 12 इंचांचा तुकडा कापला आणि कप्प्यांसाठी 23 बाय 8 इंचांची पट्टी. पट्टीची जास्तीची रुंदी चुण्यांत गेली. चुण्यांशिवाय सपाट शिवलेल्या कप्प्यात बाटली शिरत नाही, हे पहिल्यांदा शिवणाऱ्याला उशिरा कळते. मधला कप्पा चार इंचांचा, अर्ध्या लिटरच्या बाटलीसाठी. दोन्ही बाजूंचे सहा-सहा इंचांचे. जड वस्तू मध्यभागी, हलक्या कडेला. कप्प्यांच्या कोपऱ्यांवर दुहेरी टीप आवश्यक, कारण ताण तेथेच येतो.

पिशवी वरच्या आडव्या नळीला वेल्क्रोच्या तीन पट्ट्यांनी बांधली आणि खालच्या कोपऱ्यांना दोन नाड्या लावून पायांच्या नळ्यांशी आवळली, म्हणजे ती झुलत नाही. ती चौकटीच्या बाहेरच्या अंगाला राहिली. आत बांधली तर गुडघ्यांना लागते. वॉकर मिटण्याची कळ मोकळी ठेवली. भार किलोच्या आत, आणि गरम चहा कदापि नाही. सगळे भरून झाल्यावर रिकाम्या खोलीत वॉकर उचलून पाहिला. पुढचे पाय आधी टेकले असते तर बाटली काढावी लागली असती. त्याच वेळी पायांची रबरी बुचेही तपासली. एक पार झिजले होते, ते बदलले. पिशवीपेक्षा हे काम अधिक महत्त्वाचे होते, असेही म्हणता येईल.

एक कप्पा सूनबाईंनी नंतर आतून जोडला. 22 जुलै 2021 च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा अनेक घरांत माणसे वर आणि औषधे खाली अशी गत झाली होती. त्या आठवणीने औषधांची चिठ्ठी, दोन दिवसांच्या गोळ्या आणि मुलांचे दूरध्वनी क्रमांक प्लॅस्टिकच्या बंद पाकिटात घालून तेथे ठेवले आहेत.

कोकणच्या पावसात जाड ड्रिल दोन-दोन दिवस वाळत नाही, त्याला बुरशीचा वास येतो. म्हणून आषाढापूर्वी त्याच मापाची दुसरी पिशवी शिवली गेली, या वेळी पातळ कापडाची. तिचा रंग सासूबाईंनी स्वतः निवडला आणि किल्ल्यांसाठी एक लहान कप्पा मागून घेतला.