टॅग विकू नका, जोडी विका



मागच्या दिवाळीत माझ्या कंधारच्या दुकानातून एक काका किल्ल्या शोधायचा टॅग घेऊन गेले. मी स्वतः छातीठोकपणे सांगितलं, "काका, फोनवर बाण येतो, त्या दिशेनं चालत जायचं." चार दिवसांनी काका परत आले. गोडाऊनच्या किल्ल्यांचा जुडगा खताच्या थप्पीमागं पडला होता. टॅगची शिट्टी पोत्यांत दबली आणि फोन नुसता "जवळ आहे" म्हणत राहिला. बाण आलाच नाही. सकाळचं अर्धं दुकान बंद गेलं. टॅग चांगला होता, फोनही चांगला होता. चूक माझी होती.

माळेगावच्या यात्रेत बैल घेताना आपण एकट्या बैलाकडं बघत नाही. घरच्या बैलासोबत तो जुवाखाली चालेल का, हे आधी बघतो. टॅगचंही तसंच आहे. बाण टॅगमध्ये नसतो आणि फोनमध्येही नसतो, तो जोडीत असतो. माझं स्पष्ट मत आहे की गिऱ्हाइकाचा फोन हातात घेतल्याशिवाय टॅग विकणं म्हणजे फसवणूकच, मग ती नकळत का असेना.

आता नेमकी गोम काय, ते समजून घ्या.

साधा ब्लूटूथ टॅग फक्त सिग्नल सोडतो. सिग्नल जोरात आला तर फोन म्हणतो जवळ, कमी आला तर लांब. मधे लोखंडी रॅक, पाण्याची टाकी किंवा माणूस आला की अंदाज चुकतो. दिशा यात कळत नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये १,४९९ रुपयांना आलेला जिओटॅग गो याच प्रकारातला. वस्तू वाईट नाही, पण बाणाचं आश्वासन देऊन विकू नका.

बाणासाठी यूडब्ल्यूबी नावाची वेगळी चिप लागते, आणि ती टॅग व फोन दोन्हीकडं लागते. २०२१ चा ॲपलचा एअरटॅग घ्या. बाण आयफोन ११ पासून पुढं दिसतो, पण आयफोन एसई आणि १६ई मध्ये दिसत नाही. अँड्रॉइडवर तर हा टॅग स्वतःच्या नावावर जोडताच येत नाही. सॅमसंगचा स्मार्टटॅग २ फक्त गॅलेक्सी फोनवर चालतो, आणि त्यातही बाण ठरावीक मॉडेलवरच. गॅलेक्सी एस २४ अल्ट्रामध्ये ही चिप आहे, साध्या एस २४ मध्ये नाही. नाव तेच, पिढी तीच, तरी फरक!

तिसरा गोंधळ ब्लूटूथच्या आकड्याचा. २०१९ मध्ये ब्लूटूथ ५.१ आलं आणि त्यात दिशा ओळखायची सोय आली. म्हणून काही जण सांगतात, "५.३ आहे ना, मग बाण येणारच." नाही येत. ती सोय ऐच्छिक आहे. आलेल्या सिग्नलचा कोन मोजायला एका बाजूला अनेक अँटेना ओळीनं बसवाव्या लागतात. मोठ्या गोदामाच्या छताला तशी यंत्रं लावतात, आपल्या खिशातल्या फोनमध्ये ती मांडणी नसते. खोक्यावरचा आकडा बघून बाणाचा शब्द देऊ नका.

आपल्या तालुक्याच्या गावांसाठी अजून एक गोष्ट. या टॅगांमध्ये जीपीएस नसतो. आसपासच्या लोकांचे फोन टॅग ओळखतात आणि मालकाला जागा कळवतात. गुगलच्या फाइंड हबमध्ये मूळ सेटिंग "जास्त वर्दळीच्या जागी" असं असतं, म्हणजे बरेच फोन जवळून जातील तिथंच ते नीट काम करतं. नांदेडच्या स्टेशनवर ठीक आहे, पण शेतातल्या आखाड्यावर? तिथं जागा कळण्याची आशा फार कमी. हे सेटिंग "सगळीकडे" असं करता येतं. गावात जितके जण ते करतील, तितका सगळ्यांचाच फायदा.

आता माझ्या काउंटरवरचा नियम:

१. फोनचं पूर्ण मॉडेल सेटिंगमध्ये उघडून बघायचं, तोंडी ऐकायचं नाही.
२. काय शोधायचंय ते विचारायचं. घरातल्या किल्ल्या असतील तर टॅग चालेल. चोरीला गेलेली मोटारसायकल शोधायची असेल तर जीपीएसवालं यंत्र सुचवायचं, कारण अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना चोराच्याही फोनवर येऊ शकते.
३. बिल करण्याआधी दुकानातल्या नमुन्याच्या टॅगवर दाखवायचं: बाण येतो, की फक्त जवळ-लांब.
४. बिलावर एक ओळ लिहायची: "या फोनवर बाण दिसणार नाही."

काही जण म्हणतील, भाऊ, एवढं विचारत बसलो तर गिऱ्हाईक ऑनलाइन मागवेल. मागवू द्या. उघडलेलं खोकं परत आलं की ते नवीन म्हणून विकता येत नाही. त्यात टॅग जुन्या मालकाच्या खात्याला जोडलेला राहिला, तर दुसऱ्याला तो वापरता येत नाही. एका परतीत पाच टॅगांचा नफा जातो. आणि फोन बघून खरं सांगणं, हीच तर एक गोष्ट ऑनलाइनवाला करू शकत नाही!

कंपन्यांनीही कोणत्या फोनवर बाण दिसतो, ते खोक्याच्या पुढच्या बाजूला मराठीत छापलं पाहिजे. ते छापतील तेव्हा छापतील, तोवर ते काम आपलं.

काकांना मी पैसे परत दिले. ते म्हणाले, "पैशाचं राहू दे, पुढच्याला नीट सांग." हा लेख त्यासाठीच.