नजराणा आणि नकार

कथेतील प्रणय मनास का पटतो याची चर्चा बहुधा नायक-नायिकांचे रूप, त्यांचे संवाद आणि त्यांच्या भेटीचे योगायोग यांपाशीच घोटाळते. परंतु जिच्यावर प्रेम जडावयाचे त्या व्यक्तीस नकाराचा अधिकार लेखकाने खरोखरीच बहाल केला आहे काय, ही कसोटी मला अधिक मोलाची वाटते. जेन ऑस्टेनच्या 1813 सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कादंबरीत डार्सी पहिल्याने मागणी घालतो तेव्हा संपत्ती, प्रतिष्ठा आणि उत्कट भावना ही सारी त्याच्या पदरी असतात. तथापि एलिझाबेथच्या घराण्याचा उणेपणा तिलाच ऐकवीत तो मेहेरबानी केल्यागत बोलतो, आणि आपल्या बहिणीच्या सुखात बिब्बा घालणाऱ्या या गृहस्थास ती साफ नाकारते. कादंबरी त्या वेळी नुकती निम्मी उलटलेली असते, आणि पुढील भागाची सारी गोडी त्या नकारातूनच निपजते, कारण दोघांनाही आपापल्या मनाचे दप्तर नव्याने तपासणे भाग पडते.

याउलट एरिक बॅरोनने एकहाती घडविलेल्या 'स्टार्ड्यू व्हॅली' (2016) या लोकप्रिय संगणकीय खेळातील प्रणयाची रीत पाहा. तेथील गावच्या दुकानदाराची मुलगी ॲबिगेल हिला खेळाडूने ॲमेथिस्टचा जांभळा खडा दिला की मैत्रीचे 80 गुण जमा होतात. 250 गुणांनी एक हृदय भरते. नजराणे आठवड्यास दोन. आठ हृदयांवर पुष्पगुच्छ, आणि दहा भरल्यावर 5000 मोहरांचे पदक देऊन विवाह. वर्षभर तोच खडा नेला तरी तिला त्याचा वीट येत नाही! अर्ज रीतसर दाखल झाला की मंजुरी बिनबोभाट मिळावी, असा हा कचेरीचा कारभार झाला.

मात्र त्याच गावात शेन नावाचा, मद्याच्या आहारी गेलेला तरुण आहे. सहा हृदये भरल्यानंतर एका पावसाळी दिवशी तो कड्याच्या टोकाशी नशेत पडलेला आढळतो आणि जगणे नकोसे झाल्याचे बोलतो. आपण प्रेमाने नेलेल्या तिखट मिरच्यांनी ते दुःख फिटत नाही, कारण ते आपल्या येण्यापूर्वीचे आणि सर्वस्वी त्याचे आहे. अवघ्या खेळात मला खरा वाटलेला प्रणय हाच.

ॲबिगेलनेही एखादे दिवशी खडा परत करून, आज मला सवड नाही, असे सांगावे. खेळाडू चिडतील, तक्रारीही गुदरतील. निर्मात्यांनी त्या खुशाल दप्तरी दाखल करून घ्याव्यात.