‘हातात कला नाही’ म्हणजे काय?

‘त्याच्या हातात मुळी कलाच नाही’ हा निवाडा आपण पालक आणि शिक्षक किती सहजपणे देऊन टाकतो! तो ऐकणारे मूल अकरा-बारा वर्षांचे असते आणि पुढे आयुष्यभर ते कुंचल्याला बिचकते. जन्मावरून लायकी ठरवण्याच्या रीतीविरुद्ध ज्या समाजाने एवढा मोठा लढा दिला, त्याच्याच घरांत चित्रकलेपुरती ती रीत शिल्लक राहावी, हे मला खटकते.

मुलामुलांत फरक असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. एखाद्याला रेषा चटकन सापडते, दुसऱ्याला पन्नास कागद खर्ची घालावे लागतात. परंतु ज्याची कला आपण उपजत म्हणतो, त्याच्या घरी लहानपणापासून कागद आणि रंगपेटी होती काय, हे कोणी विचारीत नाही. ऊसतोडीच्या फडावर वाढलेल्या मुलाला रंगपेटी प्रथम दिसते ती वसतिगृहात. दोघांना पाचवीच्या वर्गात एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे.

अजिंठ्याची चित्रे दैवी देणगीतून उमटली नाहीत. खडकावर माती, तूस व वनस्पतींचे तंतू यांचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ थर, मग रेखाटन, मग रंग. एवढ्या कामात किती अनाम हात घडले असतील! २४ क्रमांकाचे लेणे अपुरे राहिले, म्हणून खडक टप्प्याटप्प्याने कसा कोरीत असत, हे तेथे आजही दिसते. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी या चित्रांच्या प्रतिकृती करण्यात गुंतले होते. नकलेलाही इतकी वर्षे लागली!

भगवान बुद्धांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक् व्यायामाला स्थान आहे, जन्मजात देणगीला नाही. मात्र मुलाला नुसते ‘कष्ट कर’ म्हणून भागत नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएटचा अभ्यास दहावीच्या वाढीव गुणांसाठी होतो. गुण पदरात पडले की रंग वाळतात. उलट १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा फलक ज्याच्याकडे सोपवावा, तो जेवणाची घंटा झाली तरी उठत नाही. ते चित्र त्याच्या माणसांसमोर जाणार असते.

माझी सूचना साधी आहे. चित्रकला परीक्षेच्या यादीतून ‘हात नाही’ म्हणून कोणाला गाळू नये. कलावर्ग सायंकाळच्या वंदनेनंतर तासभर उघडा ठेवावा. आणि माजी विद्यार्थ्यांनी उत्कृष्ट चित्रकाराच्या ढालीऐवजी वर्षभर पुरेल एवढा कागद द्यावा.